घरची जुनी मोटार विकताना

नवी मोटार घेतली की ती आधी देवाच्या दारी न्यावी, चाकांखाली लिंबे ठेवावीत, पुढच्या जाळीला झेंडूचा हार घालावा आणि नारळ फोडून मगच ती घरी आणावी, ही रीत आपल्याकडे आता चांगलीच रुजली आहे. सौंसर तालुक्यातील जामसांवलीस, पिंपळाच्या सावलीत पहुडलेल्या हनुमंताच्या दर्शनास जाणाऱ्या मंडळींना असे हार घातलेले वाहन पाहून नवल वाटत नाही. वस्तू घरात येते तेव्हा तिचे स्वागत कसे करावे हे आपणांस ठाऊक आहे. परंतु तीच वस्तू घराबाहेर जाताना तिची पाठवणी कशी करावी, याची रीत मात्र आपण अद्याप पाडलेली नाही.

रोजच्या वापरातील साध्या मोटारीच्या बाबतीत यामुळे फारसे बिघडत नाही. ती जाते, तिच्या जागी दुसरी येते. पण काही घरांत आजोबा-पणजोबांच्या काळातील एखादी थोर मोटार उभी असते. लांबलचक बॉनेट, पितळेचे वा निकेलचे मोठे दिवे, कातड्याच्या गाद्या आणि मागे घडी करून बसविता येणारा कापडी टप. अशी मोटार विकावयाची वेळ येते तेव्हा घरातील माणसे गोंधळून जातात. कोणी म्हणतो, लाखो रुपये येतील. कोणी म्हणतो, भंगारवाला नेईल तर उपकार होतील. श्रोतेहो, ही दोन्ही मते बहुधा चुकीची असतात. अशा मोटारीची विक्री नीट कशी करावी, याविषयी आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

प्रथम ही मोटार म्हणजे काय ते पाहू. उघड्या मोटारींचे ढोबळमानाने दोन प्रकार. पहिला टूररचा. हिला कापडी टप असतो, पण दारांना वर-खाली होणाऱ्या काचा नसतात. पाऊस आला की बाजूंना पडदे अडकवावे लागतात. दुसरा प्रकार म्हणजे ज्याला इंग्रज ड्रॉपहेड आणि अमेरिकन कन्व्हर्टिबल म्हणतात तो. हिच्या टपाला आतून अस्तर असते, दारांत काचा असतात आणि टप चढविला की ती बंद मोटारीसारखीच उबदार होते. हा दुसरा प्रकार घडविण्यास कठीण आणि महाग, म्हणून संख्येने थोडा. त्या काळी रोल्स-रॉइस, बेंटले यांसारखे कारखाने केवळ चॅसिस आणि इंजिन बनवून देत. त्यावरील बॉडी गिऱ्हाइकाच्या आवडीप्रमाणे निराळे कारागीर बांधीत. ॲश नावाच्या लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ठोकून बसविलेला पत्रा, अशी ती रचना असे. याचा अर्थ असा की, एकाच कारखान्याच्या, एकाच सालच्या दोन मोटारी पुष्कळदा परस्परांहून अगदी भिन्न असत. प्रत्येकीची कुंडली निराळी होती. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढचे सारे विवेचन हिच्यावरच उभे आहे.

आपल्या मराठी मुलखाचा आणि या उघड्या मोटारींचा संबंध जुना आहे. १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची एक कसोटी झाली. घाटांतून सुमारे ६२० मैलांची ती वाट होती. त्या वाटेवर 'पर्ल ऑफ द ईस्ट' या नावाची एक रोल्स-रॉइस न अडखळता धावली आणि तिचा इतका बोलबाला झाला की, ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ती विकत घेतली. इंग्रजी कारखानदारांनी केलेली ती जाहिरातच होती. पण जाहिरात ज्या चढउतारांवर झाली ते घाट सह्याद्रीचे होते. कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांची १९३६ च्या घडणीची जर्मन मेबॅक ही उघडी मोटार तर आजही दसऱ्याच्या सोहळ्यास बाहेर निघते आणि तिला पाहण्यास लोक दुतर्फा उभे राहतात. घराण्याने ती विकली नाही. तिला वर्षातून एक मानाचा दिवस नेमून दिला. विक्रीपूर्वी हाही एक मार्ग असतो, एवढे येथे नोंदवून ठेवतो.

दुसरे उदाहरण इंदूरचे. होळकर संस्थानचे शेवटचे अधिपती यशवंतराव महाराज (१९०८ ते १९६१) यांना नव्या घडणीच्या वस्तूंचा मोठा षोक होता. जर्मन वास्तुशिल्पी एकार्ट मुथेसियस यांच्याकडून त्यांनी माणिकबाग हा राजवाडा बांधून घेतला. त्याच दशकात त्यांनी अमेरिकेतील ड्यूसेनबर्ग कारखान्याची एस.जे. जातीची चॅसिस मागविली आणि लंडनच्या गर्नी नटिंग या कारागिरांकडून तिच्यावर दोन माणसांपुरती लांब, उघडी बॉडी बांधून घेतली. रंग नारिंगी आणि काळा. आठ सिलिंडरांचे ते इंजिन ३२० अश्वशक्तीचे असल्याचे कारखाना सांगत असे. १९३७ साली तो कारखाना बंद पडला. १९४८ साली संस्थान मध्यभारतात विलीन झाले. पुढे ती मोटार अमेरिकेतील संग्राहकांकडे गेली. माणिकबागेतील अनेक सुंदर वस्तूंचाही १९८० साली मोनॅको येथे लिलाव झाला.

या हकिगतीत हळहळण्यासारखे पुष्कळ आहे. पण शिकण्यासारखे त्याहून अधिक आहे. ती मोटार आज जगभर ओळखली जाते ती केवळ महाराजांची म्हणून नव्हे. तिची चॅसिस कोणती, इंजिन कोणते, बॉडी कोणी बांधली, रंग कोणता होता आणि ती कोणासाठी घडली, हे सारे कागदोपत्री सांगता येते. मोटार देशाबाहेर गेली, पण तिची कुळकथा तिच्याबरोबर गेली. याउलट आपल्याकडील कित्येक थोर मोटारींची नावगावे पुसली गेली. एकीचे इंजिन दुसरीत गेले, एकीचे दिवे तिसरीवर चढले, कोणाची बॉडी कापून मालवाहू गाडी झाली. आज त्यांपैकी एखादी सापडली, तरी ती नेमकी कोण आहे हे सांगता येत नाही. म्हणून या भाषणाचे सूत्र मी एका वाक्यात सांगतो. जुनी थोर मोटार विकताना आपण लोखंड विकत नसून पुरावा विकत असतो. जेवढा पुरावा खरा आणि पुरा, तेवढी किंमत योग्य आणि तेवढाच व्यवहार निर्धोक.

आता हे सूत्र एका कल्पित घराला लावून पाहू. समजा, सौंसर आणि पांढुर्णा यांच्या दरम्यान, संत्र्यांच्या बागांच्या मुलखात, एका जुन्या मालगुजाराचा वाडा आहे. १९५१ साली मध्यप्रांतातील मालगुजारी संपली, बैठकीचा थाट ओसरला. पण वाड्याच्या कोठीत आजोबांची १९३८ च्या घडणीची इंग्रजी ड्रॉपहेड मोटार तशीच राहिली. आजोबा गेले, वडील गेले. आता नातू भोपाळला नोकरी करतो, वाड्याचे छप्पर गळते आणि मोटारीला वाली उरलेला नाही. नातवाने ती विकण्याचे ठरविले आहे. नागपूरचा एक गिऱ्हाईक पाहावयास येणार आहे. त्याने काय करावे?

पहिला प्रश्न किमतीचा नव्हे, मालकीचा. मोटार कोणाची? नोंदणीपुस्तकात आजोबांचे नाव असेल, तर ती केवळ कोठीची किल्ली बाळगणाऱ्या नातवाची होत नाही. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मुलांइतकाच मुलींचाही तीत वाटा असतो. लग्न होऊन अमरावतीस गेलेली आत्या, पुण्यास राहणारी बहीण, यांना विचारल्यावाचून केलेला सौदा पुढे न्यायालयात अडकू शकतो. आणि न्यायालयाचे सोडा, आत्याच्या बालपणाची सारी सफर ज्या मागच्या आसनावर झाली ते आसन तिला न कळविता विकणे हे आपल्या घराला शोभणारे नव्हे. सर्वांची लेखी संमती घ्यावी. मालक वारला असल्यास वारसाने तीस दिवसांच्या आत परिवहन कार्यालयास कळवावयाचे असते आणि नमुना ३१ भरून मोटार आपल्या नावे करून घ्यावयाची असते. जुन्या घरांत ही मुदत केव्हाच उलटून गेलेली आढळते. तरीही विलंबाचा भार सोसून हे काम आधी उरकावे. ज्याच्या नावावर वस्तू नाही त्याने ती विकू नये, हा व्यवहाराचा पहिला नियम होय.

दुसरा प्रश्न ओळखीचा. कोठीत दिवा घेऊन जावे आणि चॅसिसवरील क्रमांक, इंजिनावरील क्रमांक आणि बॉडी बांधणाऱ्याची दाराच्या उंबऱ्यावर बहुधा असणारी छोटी पाटी, या तिन्हींची नोंद करावी, छायाचित्रे काढावीत. हे क्रमांक नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहावेत. क्रमांक झिजला असेल तर तो नव्याने ठोकण्याचा मोह कदापि धरू नये. तो अपराध तर आहेच, पण त्याने मोटारीचा खरेपणाच संपतो. मग घरातील पेट्या उघडाव्यात. विकत घेतल्याची पावती, विम्याचे कागद, मिस्त्रीची बिले, कर भरल्याच्या पोचपावत्या, लग्नाच्या वरातीतील छायाचित्र, आजोबांच्या हिशेबाच्या वहीत पेट्रोलखर्चाची नोंद, जे जे सापडेल ते तारखेनुसार लावून ठेवावे. १९५६ साली राज्यपुनर्रचना होईपर्यंत हा भाग आणि नागपूर एकाच प्रांतात होते आणि त्या प्रांताची राजधानी नागपूर होती. त्यामुळे या मुलखातील मोटारींचे जुने धागे नागपुरात सापडण्याचा संभव पुष्कळ असतो. रोल्स-रॉइस आणि जुन्या बेंटले यांच्या मूळ कारखानी नोंदी इंग्लंडमधील नॉर्दम्प्टनशायर परगण्यात पॉलर्सपरी येथे, या मोटारींच्या चाहत्यांच्या संस्थेने जपून ठेवल्या आहेत. चॅसिस क्रमांक कळविल्यास तेथून मूळ नोंदीची नक्कल मागविता येते. ती मोटार प्रथम कोणी मागविली, बॉडी कोणी बांधली, ही माहिती तीत मिळते. अशा एका कागदाने जे काम होते, ते दलालाच्या शंभर वाक्यांनी होत नाही.

तिसरा प्रश्न अवस्थेचा. आणि येथेच विकणाऱ्याच्या हातून सर्वांत मोठी चूक घडते. गिऱ्हाईक येणार म्हणून घाईघाईने मोटारीला चकचकीत रंग फासला जातो, फाटक्या कातड्यावर रेक्झिन चढविले जाते, जुने दिवे काढून नवे बसविले जातात. घर शाकारून विकावे तशी ही मोटार विकावयाची नसते. जाणकार गिऱ्हाइकास मूळ रंगाचा उडालेला पोपडासुद्धा नव्या रंगापेक्षा प्रिय असतो, कारण तो पुरावा असतो. रंगाखाली काय झाकले आहे, अशी शंका मात्र नव्या लेपाने उत्पन्न होते. म्हणून धूळ झाडावी, उंदरांची घरटी काढावीत, कातडे कोरड्या मऊ फडक्याने पुसावे. याहून अधिक काही करू नये. काढलेला प्रत्येक जुना भाग, अगदी मोडकी मूठसुद्धा, पेटीत घालून मोटारीबरोबर द्यावा.

तसेच वर्षानुवर्षे उभी असलेली मोटार गिऱ्हाइकाला चालू करून दाखविण्याच्या हौसेने एकदम सुरू करू नये. टाकीतील पेट्रोलचा चिकट साका झालेला असतो, पाण्याच्या वाटा गाळाने तुंबलेल्या असतात, सिलिंडरांत गंज बसलेला असतो. अशा स्थितीत स्टार्टर मारला तर जे इंजिन थोड्या खर्चात जागे झाले असते, ते कायमचे निकामी होण्याचा धोका असतो. जुने तेल काढून नवे भरावे, प्रत्येक सिलिंडरात थोडे तेल सोडावे आणि जाणत्या मिस्त्रीने इंजिन प्रथम हाताने फिरवून पाहावे. आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. १९३८ सालच्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधील बुचाचे तरंगते भाग त्यासाठी बनविलेले नाहीत, हेही ध्यानात ठेवावे. टायर वरून चांगले दिसले तरी रबर जुने होऊन ताठरते. त्यांवर मोटार रस्त्यावर नेऊ नये.

गिऱ्हाईक मात्र काय पाहील हे विकणाऱ्याने आधीच पाहून ठेवावे. बंद मोटारीचे छप्पर तिच्या बॉडीला घट्ट धरून ठेवते. उघड्या मोटारीस तो आधार नसतो. त्यामुळे दाराखालचा उंबरा आणि आतला लाकडी सांगाडा यांवरच सारा भार येतो. दार उघडून हलके उचलावे. ते खाली लोंबत असेल तर लाकूड कुजले आहे किंवा वाळवीने खाल्ले आहे, असे समजावे. आपल्या पावसाळ्यात कापडी टपाला बुरशी लागते, त्याच्या घड्यांतून पाणी झिरपून मागच्या लाकडांत मुरते. हे दोष लपविण्यात अर्थ नाही. उलट ते लिहून द्यावेत. १९३० चा मालविक्रीचा कायदा असे सांगतो की, वर्णन करून विकलेला माल त्या वर्णनाशी जुळला पाहिजे. 'सर्व भाग मूळचे' असे लिहून दिले आणि इंजिन दुसऱ्या मोटारीचे निघाले, तर तक्रारीस जागा राहते. 'इंजिन बदललेले आहे, केव्हा बदलले ते ठाऊक नाही' असे लिहिले, तर किंमत थोडी उतरेल, पण झोप शाबूत राहील.

चौथा प्रश्न किमतीचा. अशा मोटारीचा बाजारभाव नावाची वस्तू नसते. परदेशातील लिलावात कोणत्या मोटारीस काय आले, हे वृत्तपत्रांत वाचून आपल्या कोठीतील मोटारीची किंमत ठरविणे म्हणजे मुंबईच्या समुद्रकाठच्या जागेचा भाव पाहून आपल्या शेताची किंमत सांगणे होय. त्यातून जुन्या दुर्मिळ मोटारी देशाबाहेर नेण्यावर सरकारचे निर्बंध आहेत. परदेशी गिऱ्हाइकाच्या आशेवर बसू नये. किंमत ठरते ती चार गोष्टींनी. घडण किती थोड्यांपैकी आहे, बॉडी आणि इंजिन मूळचे आहेत का, कुळकथेला कागदाचा आधार आहे का आणि तिला पुन्हा रस्त्यावर आणण्यास किती खर्च येईल. यांतील चौथ्या गोष्टीचा अंदाज बहुतेकजण फार कमी धरतात. टप, कातडे, निकेलचा मुलामा, सांगाड्याचे सुतारकाम यांचा खर्च इंजिनाच्या दुरुस्तीहून अधिक होऊ शकतो. मोटारीशी हितसंबंध नसलेल्या जाणकाराकडून लेखी मूल्यांकन घ्यावे, त्याला त्याची फी द्यावी आणि विकत घेऊ इच्छिणाऱ्यालाच मूल्यांकन करावयास सांगू नये. 'हे तर भंगार आहे, नेण्याची तसदी म्हणून नेतो,' असे म्हणणारा माणूस दुसऱ्यांदा आपण होऊन आला, तर मोटार भंगार नाही हे समजावे.

आता कायदा आणि कर. केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या मोटारींसाठी स्वतंत्र नियम केले. प्रथम नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, खासगी वापराची आणि चॅसिस, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी 'विंटेज' म्हणून नोंदविता येते. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, फेरनोंदणीची ५ हजार, आणि नोंदणी दहा वर्षे चालते. अशी मोटार प्रदर्शनास, फेरीस, दुरुस्तीस किंवा पेट्रोल भरण्यास रस्त्यावर नेता येते. रोजच्या वा धंद्याच्या वापरास नाही. आधीपासून नोंदलेली मोटार आपला जुना क्रमांक राखू शकते, ही त्यातली मोठी समाधानाची गोष्ट. अशा मोटारीची विक्री करता येते. मात्र दोन्ही पक्षांनी परिवहन कार्यालयास कळविले पाहिजे.

आपल्या कल्पित सौद्यात आणखी एक अडचण आहे. जामसांवलीहून नागपूर सत्तर किलोमीटरांच्या आतबाहेर. एकाच बाजाराची, एकाच बोलीची, सोयरिकीची ही माणसे. पण कायद्याच्या दृष्टीने ही विक्री परराज्यातील आहे. मोटार मध्यप्रदेशात नोंदलेली, घेणारा महाराष्ट्राचा. म्हणून नमुना २९ आणि ३० यांखेरीज नमुना २८ वरील ना-हरकत प्रमाणपत्र आपल्या परिवहन कार्यालयाकडून घ्यावे लागते. परराज्यातील विक्रीत विकणाऱ्यास यासाठी ४५ दिवसांची मुदत आहे; राज्यातल्या राज्यात केवळ १४ दिवस. घेणाऱ्याने ३० दिवसांत आपल्या बाजूची पूर्तता करावयाची असते. 'करून घेतील त्यांचे ते' असे म्हणून कोऱ्या नमुन्यांवर सह्या करून देणे ही आपल्याकडील वाईट खोड आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले की, हस्तांतराची नोंद झाली नसेल तर अपघाताच्या भरपाईस नोंदीतील मालकच जबाबदार राहतो. मोटार वर्षापूर्वी गेली, पैसे खर्चून गेले, आणि कोणा अनोळखी माणसाच्या चुकीची नोटीस मात्र वाड्यावर आली, असा प्रसंग केवळ एका सहीच्या आळसाने ओढवू शकतो.

कराच्या बाबतीतही पुराव्याचेच महत्त्व. स्वतःच्या वापराची जंगम वस्तू ही आयकराच्या दृष्टीने सामान्यतः भांडवली मालमत्ता धरली जात नाही. दागिने, चित्रे, शिल्पे यांसारख्या गोष्टी त्याला अपवाद आहेत. म्हणून घरची मोटार विकून झालेल्या लाभावर कर नाही, असे लोक सरसकट समजतात. मुंबईच्या एका गृहस्थांनी १९३१ च्या घडणीची फोर्ड टूरर १९८३ साली २० हजार रुपयांस घेतली आणि पुढे २१ लाखांस विकली. तिच्यावरील कराचा वाद २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयात निकालास निघाला. निकाल त्यांच्या विरुद्ध गेला. मोटार वैयक्तिक वापराजोगी आहे एवढ्याने ती वैयक्तिक वापराची ठरत नाही. तसा वापर होत होता हे दाखविता आले पाहिजे, असा त्याचा मथितार्थ. पेट्रोलखर्चाची आजोबांची वही आणि वरातीचे छायाचित्र यांचे मोल आता कळून येईल. तरी प्रत्येकाची परिस्थिती वेगळी असल्याने करसल्लागारास आधी विचारावे. पैसे बँकेमार्फतच घ्यावेत. दोन लाख रुपये वा त्याहून अधिक रक्कम रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे.

शेवटचा प्रश्न गिऱ्हाइकाचा. जो अधिक देईल त्यालाच द्यावे, हा बाजाराचा न्याय झाला. पण या व्यवहारात विकणाऱ्यास आणखी एक प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे: आपण या मोटारीचे काय करणार? ती सोडवून तिचे भाग निरनिराळे विकणारा आणि ती पुन्हा रस्त्यावर आणणारा, यांच्या बोलण्यात फरक असतो. पहिला इंजिन आणि दिवे यांविषयी विचारतो. दुसरा आजोबांविषयी विचारतो. दोघांच्या रकमेत थोडाच फरक असेल, तर दुसऱ्यास द्यावी. असे केल्याने पुढे कधी तरी एखाद्या फेरीत ती मोटार टप उघडून येताना आत्याला पाहता येईल.

म्हणून सौदा पुरा होण्याच्या दिवशी मोटारीबरोबर कागदांची एक पेटी द्यावी. तीत मूळ कागद घालावेत आणि प्रत्येकाची एक नक्कल घरात ठेवावी. ही मोटार आपल्या घरी केव्हा आली, कोणी चालविली, कोणत्या वाटांनी फिरली आणि का विकावी लागली, हे दोन पानांत लिहून, खाली तारीख घालून घरातील वडील माणसाने सही करावी. हे लिहिण्यास एक संध्याकाळ पुरते. न लिहिल्यास ते पुन्हा कधीही कळत नाही, कारण सांगणारी माणसे मोटारीआधी जातात. आणि ती मोटार मालवाहू गाडीवर चढवून नागपूरच्या रस्त्यास लागेल, तेव्हा वाटेत जामसांवलीस क्षणभर थांबण्यास हरकत नाही. येताना हार घातला होता, तसा जातानाही घालावा. घेणारा आणि देणारा दोघांनीही तेथे हात जोडावेत. रीत अशीच एखाद्याने सुरू करावयाची असते.